विहिरीवरील हंसराज

पावसाळ्यांत गगनबावडा, राधानगरी, पन्हाळा या बाजूंस गेलेले लोक परततांना हंसराज मुळांसकट उपटून आणतात व कुंडींत लावतात. दिवाळी उलटली कीं पानें वाळतात आणि उन्हाळ्यांत कुंडी रिकामी केली जाते. आपल्या हवेंत हें झाड जगत नाहीं, असा समज त्यामुळें झाला आहे. तो दूर व्हावा म्हणून हे चार शब्द लिहीत आहों.

हंसराज हा एक प्रकारचा नेचा होय. त्याच्या वर्गाचें ‘अ‍ॅडिअँटम’ हें नांव ग्रीक असून त्याचा अर्थ ‘न भिजणारा’ असा आहे. पानावर पडलेलें पाणी ओघळून जातें. पानें भिजत नसलीं तरी याचें जीवन पाण्यावांचून चालत नाहीं. याला फूल अथवा बीं येत नाहीं. पानाच्या दुमडलेल्या कडेखालीं भुकटीसारखे बीजाणू असतात. ओल्या जागीं त्यांपासून बारीक हिरवी चकती उगवते, व तिच्यावर पाण्याचा पातळ थर असेल तरच गर्भधारणा होऊन रोप तयार होतें. म्हणूनच विहिरीच्या झिरपत्या दगडी बांधकामांत तो आपण होऊन येतो.

उन्हाळ्यांत वाळलेला हंसराज बहुधा मेलेला नसतो. पानें गेलीं तरी मातींतील गड्डा जिवंत राहून पावसाळ्याच्या आरंभीं पुन्हां फुटतो. कुंडी फेंकूं नये; सावलींत ठेवून माती किंचित् ओली राखावी. निव्वळ काळी माती वापरूं नये, तींत पाणी सांचून गड्डा कुजतो. तळाशीं विटांचे तुकडे घालून वर कुजलेला पालापाचोळा, वाळू व थोडी माती भरावी. दुपारचें ऊन लागूं देऊं नये. उत्तरेकडील ओसरी उत्तम.

नवीं रोपें करण्यास उपटण्याची गरज नाहीं. पानाचा लांबलेला शेंडा ओल्या मातीस टेकवून ठेवला असतां तेथें मूळ धरतो. मग तें रोप कापून वेगळें करावें.

विहीर साफ करतांना पिंपळ-उंबराचीं रोपें अवश्य काढावीं. त्यांच्या मुळ्या जाड होऊन बांधकाम फोडतात. हंसराजाच्या केसासारख्या मुळ्यांपासून तशी भीति नाहीं. त्याला राहूं द्यावें.

राधानगरी अभयारण्यांतून परवान्यावांचून वनस्पति काढणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें निषिद्ध आहे. परंतु कायद्याच्या धाकाची वाट कशास पाहावी? जी शोभा आपल्याच विहिरीवर फुकट उगवते, तिच्यासाठीं घाटाच्या दरडी उघड्या करणें शेतकऱ्यास शोभत नाहीं.