स्कूटरवरील लांबचा प्रवास

शिरूर व दौंड हे शेजारचे तालुके; मध्यें भीमा. आगगाडी दौंडास आहे, शिरुरास नाहीं. म्हणून न्हावरें, केडगांव, चौफुला या मार्गानें लग्नकार्यास किंवा गाडी गांठण्यास घरची स्कूटर निघते. पुणें शिरुराहून सुमारें 67 व दौंडाहून सुमारें 80 किलोमीटर. तेंहि पुष्कळजण तिजवरूनच उरकितात. तेव्हां हें वाहन मुळांत कशासाठीं निर्माण झालें, हें पाहूं.

महायुद्धानंतर 1946 सालीं इटलींतील पिआज्यो कारखान्यानें व्हेस्पा स्कूटर काढिली. तिचे रचनाकार कोर्रादिनो दास्कानियो हे विमानविद्येंतील अभियंते. त्यांस मोटारसायकल मुळींच आवडत नसे. खुर्चीवर बसल्यासारखें बसतां यावें, कपडे मळूं नयेत, चाक झटकन बदलतां यावें, हा त्यांचा हेतु. आपल्या आकुर्डीच्या बजाज कारखान्यानें 1972 मध्यें ‘चेतक’ बाजारांत आणिली. ती नंबर लावून वाट पाहून मिळे, हें जुन्या पालकांस आठवत असेल. नांव राणा प्रतापांच्या घोड्याचें, प्रकृति मात्र गांवांतल्या टांग्याची!

सारें मर्म चाकांत आहे. स्कूटरचीं चाकें बहुधा 10 किंवा 12 इंची, मोटारसायकलचीं 17 किंवा 18 इंची. ज्या खड्ड्यावरून मोठें चाक सहज निघून जातें, त्यांत लहान चाक खोल उतरतें व हिसका थेट मुठीस बसतो. त्यांत मागें दोघे बसले व पिशव्याहि मागेंच लटकविल्या, तर पुढचें चाक हलकें पडून वळणावर ऐकेनासें होतें. जड सामान पायांपुढें ठेवणें बरें. मात्र तें ब्रेकच्या आड येऊं नये.

आतां वेग. आम्ही वर्गांत मुलांस हा हिशेब करावयास लावितों: ताशीं 60 किलोमीटर म्हणजे एका सेकंदांत किती? उत्तर जवळजवळ 17 मीटर. अडथळा दिसून हात ब्रेकवर आवळेपर्यंत बहुधा इतका रस्ता सरलेला असतो. वेग दुप्पट केला, तर ब्रेक लाविल्यावर थांबण्यास लागणारें अंतर दुप्पट नव्हे, चौपट होतें.

पालकांसाठीं एक गोष्ट. गिअरच्या वा मोठ्या इंजिनाच्या गाडीस परवाना 18 वर्षांपूर्वीं मिळत नाहीं. 2019 च्या दुरुस्तीप्रमाणें अल्पवयी मुलानें गाडी चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा गाडीचा मालक 3 वर्षांपर्यंत कैद व 25,000 रुपये दंडास पात्र होतो. हेल्मेट मागें बसणारासहि सक्तीचें आहे. आईच्या डोक्यावर पदर असला तरी तें सुटत नाहीं.

आम्हांस सर्वांत भय वाटतें तें ऊसगाळपाच्या दिवसांतील सांजवेळेचें. ट्रॅक्टरामागें दोन ट्रॉल्या, ऊस बाहेर आलेला, मागें दिवा नाहीं. समोरून येणाऱ्या मोटारीच्या झोतांत ती ट्रॉली दिसतच नाहीं. अशा वेळीं चौफुल्यास अंधार पडला, तर पुढें न जातां केडगांवास पाहुण्यांकडे रात्र काढावी व उजाडल्यावर निघावें.