‘प्रमाण’ आणि त्याचे सोयरे शब्द

पांढुर्णा आणि सौंसर येथील घरांत मराठी बोलली जाते, पण मुलांच्या हाती बहुधा हिंदी पाठ्यपुस्तके असतात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत नागपूर हीच मध्यप्रदेशाची राजधानी होती. पुढे नागपूर मुंबई राज्यात गेले आणि हा मुलूख मध्यप्रदेशातच राहिला. २०२३ साली या दोन तालुक्यांचा पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी वर्गातील भाषेचा पेच कायम आहे. इंग्रजी ‘प्रपोर्शन’ या शब्दाच्या निमित्ताने तो पेच उलगडून पाहावा, असे आम्ही योजिले आहे.

महाराष्ट्रातील विद्यार्थी ‘गुणोत्तर व प्रमाण’ शिकतो. आमचा विद्यार्थी तोच पाठ ‘अनुपात और समानुपात’ या मथळ्याखाली शिकतो. नावे निराळी असल्याने फारसे बिघडत नाही. बिघडते ते ‘प्रमाण’ या एका शब्दापाशी, कारण हिंदीत त्याचा रूढ अर्थ पुरावा असा आहे. आई ‘भाजीत मिठाचे प्रमाण जास्त झाले’ म्हणते, तेव्हा मुलाला काही शंका येत नाही. परंतु ‘२, ३, ४ आणि ६ या संख्या प्रमाणात आहेत’ हे मराठी विधान वाचताच तो थबकतो.

दोष त्याचा नव्हे. ‘मा’ म्हणजे मोजणे, या धातूपासून मान, मात्रा, परिमाण, अनुमान, उपमान आणि प्रमाण हे सारे शब्द आले. न्यायशास्त्रात ज्याने ज्ञान मोजून पारखावे ते प्रमाण. हिंदीने हा अर्थ जपला. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) त्रैराशिकाची तीन पदे प्रमाण, फल आणि इच्छा अशी आहेत. तेथे प्रमाण म्हणजे ज्याच्या आधारे पुढचे मोजावयाचे ती ज्ञात राशी. मराठीने मोजण्याचा अर्थ धरला आणि पुराव्याचाही सोडला नाही. ‘प्रमाणपत्र’ आणि ‘प्रमाण भाषा’ आपण नित्य म्हणतोच.

इंग्रजी शब्दांचे कूळही असेच गमतीचे आहे. ‘पोर्शन’ म्हणजे वाटा. ‘प्रपोर्शन’ म्हणजे मूळ लॅटिनप्रमाणे ‘वाट्याच्या मानाने’. ‘रेशो’चा मूळ अर्थ हिशेब, आणि विचारशक्तीही. त्याच घरातले ‘रेट’, ‘रॅशनल’ आणि रास्त भावाच्या दुकानातले आपले ‘रेशन’! म्हणून ‘रॅशनल नंबर’ म्हणजे शहाणी संख्या नव्हे, तर दोन पूर्णांकांच्या गुणोत्तराने मांडता येणारी. तिला ‘परिमेय’ म्हणताना आपण पुन्हा ‘मा’ धातूकडेच वळलो. ग्रीकांचा ‘अनालोगिया’ हा शब्द तर गणितातले प्रमाण आणि दोन गोष्टींतील साम्य या दोहोंना चालत असे. आपल्याकडे प्रमाण आणि उपमान ही सख्खी भावंडे आहेत, हे येथे ध्यानी यावे.

गुणोत्तर आणि प्रमाण यांतला भेद शिकविण्यास आमच्या भागात संत्र्याच्या बागेसारखा फळा नाही. एक टक्का बोर्डो मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी लागते. खोडाला लावावयाच्या बोर्डो मलमात पाणी १० लिटरच असते. मोरचूद आणि चुना यांचे गुणोत्तर दोन्हीकडे एकास एक. परंतु एकंदर द्रवातील मोरचुदाचे प्रमाण सुमारे दसपट झाले. भागाची भागाशी तुलना ते गुणोत्तर आणि भागाची संपूर्णाशी तुलना ते व्यवहारातले प्रमाण. गणितात मात्र दोन गुणोत्तरांची समानता म्हणजे प्रमाण. हे दोन अर्थ शिक्षकाने आरंभीच वेगळे करून सांगावेत. वृत्तपत्रे ‘पावसाचे प्रमाण’ लिहितात, तेथे बहुधा नुसता ‘पाऊस’ पुरतो.

राष्ट्रपतींच्या निवडणुकीची पद्धती मराठीत ‘प्रमाणशीर प्रतिनिधित्वा’ची, हिंदीत ‘आनुपातिक’. मूर्ती ‘प्रमाणबद्ध’ असते. इमारतीविषयी इंग्रजीत हाच शब्द अनेकवचनी आला की बहुधा केवळ तिचा विस्तार अभिप्रेत असतो. तेथे प्रमाण शब्द आणणे चूक.

उरला ‘सेन्स ऑफ प्रपोर्शन’. त्यासाठी ‘प्रमाणाची जाणीव’ असा ओबडधोबड शब्दप्रयोग आम्ही वाचला आहे. वास्तविक ‘तर’ आणि ‘तम’ या तुलनावाचक प्रत्ययांपासून घडलेला ‘तारतम्य’ हा नेमका शब्द आपल्याजवळ आहे. मात्र सौंसरच्या वर्गात तो वापरताना एक खुलासा करावा लागतो: आजच्या हिंदीत ‘तारतम्य बिठाना’ म्हणजे मेळ घालणे.