पहिला कारभारी

मुलांनो, परळी वैजनाथला जाताना तेथील औष्णिक विद्युत केंद्राची उंच धुराडी तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. आपल्या बीड जिल्ह्यातील हे केंद्र कोळसा जाळून वीज निर्माण करते. तेथील नव्या संचांपैकी प्रत्येकाची क्षमता २५० मेगावॅट आहे. असा एक संच सुरू कसा करतात, याचा विचार तुम्ही कधी केला आहे काय?

घरातील दिव्याप्रमाणे कळ दाबली आणि वीज आली, असे तेथे होत नाही. प्रथम शुद्ध केलेले पाणी बॉयलरमध्ये भरावे लागते. मग भट्टीत हवा लोटणारे आणि धूर ओढून घेणारे प्रचंड पंखे फिरू लागतात. त्यानंतर तेलाच्या ज्योती पेटवतात. भट्टी पुरेशी तापली, म्हणजे कोळशाची पूड आत सोडतात. वाफेचा दाब व उष्णता ठरल्या मापाला पोहोचली, की ती वाफ टर्बाइनवर घेतात. टर्बाइनचा वेग मिनिटाला ३००० फेऱ्यांवर स्थिर झाला, म्हणजे मगच जनित्र विजेच्या जाळ्याला जोडतात. पंख्यांच्या आधी ज्योत पेटवली, तर भट्टीत साठलेल्या वायूचा स्फोट होण्याचे भय असते. म्हणून हा क्रम कोणी मोडत नाही.

या केंद्राने आणखीही एक धडा दिला आहे. जुलै २०१५ मध्ये पाणी न उरल्यामुळे तेथील सर्व संच बंद ठेवावे लागले. यंत्रे जागेवर होती, माणसे जागेवर होती. पण पाणी नव्हते. ज्यावाचून काम अडते, अशी एक जरी गोष्ट नसली, तरी बाकीच्या शंभर गोष्टी असून उपयोग होत नाही.

हे सारे सांगण्याचे कारण असे, की तुमच्या शाळेतील संगणकाच्या लहानशा पेटीतही दर दिवशी असेच एक केंद्र सुरू होत असते. बटण दाबल्यापासून पडद्यावर चित्रे दिसेपर्यंतच्या अर्ध्या-पाऊण मिनिटात आत केवढी धांदल चालते, ते आज पाहू.

संगणकाला वीज मिळाली, की त्याच्या मुख्य पाटीवर कायमची कोरून ठेवलेली एक छोटी आज्ञावली प्रथम जागी होते. ती स्मृती, कळफलक, तबकडी इत्यादी अवयव ठिकाणावर आहेत की नाहीत, ते तपासते. मग ती तबकडीवरील दुसऱ्या आज्ञावलीला हाक मारते. ही दुसरी आज्ञावली ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो स्मृतीत आणून ठेवते. कर्नल हा यंत्राचा खरा धनी. तथापि हा धनी स्वतः घरकाम करीत नाही. तो एकच कारभारी नेमतो, त्याला क्रमांक १ देतो आणि म्हणतो, "आता पुढचे सारे तू पाहा."

हाच आपला पहिला कारभारी. १९६९ पासून अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टिम घडवली. तिच्यात या कारभाऱ्याचे नाव 'इनिट', म्हणजे आरंभ करणारा, असे होते. पुढे १९९१ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला, तेव्हा त्यातही हीच रीत आली.

कारभाऱ्याच्या हाताखाली पुष्कळ सेवक असतात. त्यांना 'सेवा' असे म्हणतात. एक सेवा जाळ्याशी संबंध जोडते, दुसरी घड्याळ बरोबर ठेवते, तिसरी छपाईचे कागद रांगेने पाठवते, चौथी घडलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंदवही लिहिते. त्या पडद्यावर दिसत नाहीत; पण त्यांच्यावाचून पडद्यावरचे काहीही चालत नाही. या सेवांना कोणत्या क्रमाने उठवावे आणि नंतर त्यांच्यावर देखरेख कशी ठेवावी, हा प्रश्न या कारभाऱ्यासमोर असतो.

जुनी रीत अगदी सरळ होती. प्रत्येक सेवेसाठी एक आज्ञापत्र लिहून त्याला अनुक्रमांक देत. कारभारी दहा क्रमांकाचे पत्र वाची, ते काम संपेपर्यंत थांबे, मग वीस क्रमांकाचे उघडी. ही रीत समजायला सोपी होती. परंतु तिच्यात दोन उणिवा होत्या. छपाईच्या सेवेचा घड्याळाच्या सेवेशी काही संबंध नसला, तरी एकीला दुसरीची वाट पाहावी लागे. पंगतीत एकाच्या पानात भात, वरण, भाजी सारे वाढून झाल्यावर दुसऱ्याच्या पानाकडे वळावे, तशातला हा प्रकार! दुसरी उणीव अधिक गंभीर होती. सेवा एकदा सुरू करून दिली, की हा कारभारी तिच्याकडे सहसा पुन्हा पाहत नसे. ती मध्येच बंद पडली, तर माणसाच्या लक्षात येईपर्यंत ती बंदच राही.

या उणिवा दूर करण्यासाठी २०१० मध्ये लेनार्ट पोटरिंग व के सिव्हर्स यांनी 'सिस्टिमडी' नावाचा नवा कारभारी लिहिला. त्याच्या रचनेतील चार कल्पना ध्यानात घेण्याजोग्या आहेत.

पहिली कल्पना अशी, की 'गरज' आणि 'क्रम' या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. "मला अमुक सेवा हवी" असे म्हणणे वेगळे आणि "अमुक सेवा झाल्यावर मला उठवा" असे म्हणणे वेगळे. गरजेचेही दोन प्रकार आहेत. एक, जिच्यावाचून काम अडते ती. दुसरी, असली तर बरी, नसली तरी चालेल अशी. परळीच्या केंद्राला पाणी पहिल्या प्रकारचे आहे, आवारातील बाग दुसऱ्या प्रकारची. प्रत्येक सेवा आपल्या गरजा एका छोट्या पत्रकात लिहून ठेवते. ती सारी पत्रके वाचून कारभारी क्रम ठरवतो, आणि ज्यांचा परस्परांशी संबंध नाही अशा सेवांना एकदम उठवतो. दोन सेवा मात्र "आधी तू, मग मी" असे एकमेकींना म्हणत बसल्या, तर त्यांपैकी एकीला वगळून तो ही कोंडी फोडतो.

दुसरी कल्पना टपालपेटीची. घरमालक गावाहून यायचा असला, तरी दाराशी पेटी टांगलेली असेल तर पोस्टमन पत्र टाकून जातो. त्याप्रमाणे सेवा सुरू होण्यापूर्वीच कारभारी तिची निरोपाची पेटी उघडून ठेवतो. कोणाचा निरोप आला, की तो पेटीत थांबतो आणि सेवा जागी झाल्यावर त्याचे उत्तर देते. ॲपल कंपनीच्या कारभाऱ्याने हीच युक्ती २००५ मध्ये वापरली होती.

तिसरी कल्पना देखरेखीची. सेवा कोसळली, तर सांगून ठेवले असल्यास कारभारी तिला पुन्हा उभी करतो. परंतु जी सेवा उठताक्षणीच पडते, तिला किती वेळा उठवायचे? म्हणून मर्यादा घातलेली आहे. नेहमीच्या नियमाप्रमाणे, दहा सेकंदांत पाच वेळा उठवूनही ती उभी राहिली नाही, तर तो थांबतो आणि तसे नोंदवहीत लिहितो.

चौथी कल्पना शेवटासंबंधी आहे. संगणक बंद करताना हाच क्रम उलट्या दिशेने चालतो. जी सेवा शेवटी उठली, ती आधी निजते. लिहिणाऱ्याचे लिहून झाल्यावाचून त्याच्या हाताखालची वही काढून घ्यायची नाही, असा हा शिष्टाचार आहे. म्हणूनच संगणकाची वीज एकाएकी तोडू नये.

गरजेचे दोन प्रकार ओळखणे किती महत्त्वाचे असते, ते मी एकदा जवळून पाहिले. मी मुख्याध्यापक होतो, त्या वेळची गोष्ट. शिष्यवृत्ती परीक्षेचे अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता. दुपारी वीज गेली आणि सायंकाळी परत आली. परंतु कार्यालयातील संगणक सुरू होईना. पडद्यावर दीड मिनिटाची गणती चाले, आणि ती संपली की यंत्र मध्येच थांबून राही. तीन वेळा तसेच घडले. राहिलेल्या अर्जांत एक अर्ज अशा मुलीचा होता, की जिचे आईवडील ऊसतोडीसाठी दूर गेले होते आणि ती आजीजवळ राहून शिकत होती. तिची सारी कागदपत्रे त्याच यंत्रात होती.

आमच्या एका तरुण शिक्षकांनी पडद्यावरील ओळी घाईने पुसून न टाकता शांतपणे वाचल्या. स्नेहसंमेलनाची जुनी छायाचित्रे ठेवलेली एक जादा तबकडी विजेच्या धक्क्याने बिघडली होती. ती जोडताना कोणीतरी यादीत तिची नोंद 'आवश्यक' अशीच राहू दिली होती. कारभारी बिचारा आज्ञाधारक! तबकडीची तो दीड मिनिट वाट पाही आणि ती न आल्यामुळे पुढे पाऊल टाकीत नसे. शिक्षकांनी त्या ओळीत 'नसली तरी चालेल' या अर्थाचा एकच शब्द वाढवला. यंत्र तत्काळ सुरू झाले आणि रात्री नऊच्या आत सर्व अर्ज गेले. दोष ना यंत्राचा होता, ना कारभाऱ्याचा. जे आवश्यक नव्हते त्याला आम्ही आवश्यक म्हटले होते.

या नव्या कारभाऱ्याविषयी जाणत्यांत मोठा वाद झाला, हेही तुम्हांला सांगितले पाहिजे. क्रमांक १ चा कारभारी कोसळला, तर गाभा सारे यंत्रच थांबवतो. म्हणून त्याच्या अंगावर कामे थोडी असावीत, त्याने लहान व साधे राहावे, असे काहींचे म्हणणे होते. इतरांचे म्हणणे असे, की देखरेख एका हाती असल्यावाचून शिस्त राहत नाही. डेबियन या लिनक्सच्या प्रसिद्ध परिवाराने २०१४ मध्ये बराच खल करून सिस्टिमडी स्वीकारला. ज्यांना तो मान्य नव्हता, त्यांनी वेगळी चूल मांडली. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे. आपल्या देशात सी-डॅक या संस्थेने 'बॉस' नावाची जी ऑपरेटिंग सिस्टिम तयार केली, तीही डेबियनच्याच पायावर उभी आहे. २००७ मध्ये ती लोकांसमोर आली आणि तिच्यात मराठीतूनही काम करता येते.

मुलांनो, उद्या संगणकाचे बटण दाबाल, तेव्हा पडदा उजळेपर्यंत अधीर होऊ नका. त्या काळ्या पडद्यामागे एक कारभारी प्रत्येकाची गरज वाचीत असतो आणि कोणाला आधी उठवायचे ते ठरवीत असतो. त्याचे काम चोख झाले, तर त्याची कोणाला आठवणही होत नाही. भल्या पहाटे सर्वांच्या आधी उठून घर जागे करणाऱ्या आपल्या आईचेही तसेच नाही काय?

अभ्यास

१. परळीच्या केंद्रातील संच सुरू करण्याचा क्रम आपल्या शब्दांत लिहा.
२. 'गरज' आणि 'क्रम' यांतील फरक घरातील एक उदाहरण देऊन स्पष्ट करा.
३. जुन्या रीतीतील दोन उणिवा कोणत्या? त्यांपैकी अधिक गंभीर कोणती व का?
४. शाळा भरण्यापूर्वी कोणकोणती कामे होतात, त्यांची यादी करा. कोणती एकामागून एक झाली पाहिजेत व कोणती एकाच वेळी होऊ शकतील, ते सांगा.