तीन नंबरचा बावटा आणि फेयॉलचा ‘पूल’. १०० वर्षांपूर्वीचा सिद्धांत मालवणात कसा लागू पडतो?

मालवण : समुद्र खवळणार असला की बंदरावर तीन नंबरचा बावटा लागतो. किनाऱ्यावरच्या माणसाला तो दिसतो. पण खोल समुद्रात जाळी टाकून बसलेल्या तांडेलाला?

प्रश्न हवामानाइतकाच निरोपाच्या वाटेचा आहे. त्यावर फ्रेंच खाण अभियंता हेन्री फेयॉल यांनी १९१६ मध्येच लिहून ठेवले आहे. बारावी कॉमर्सला ज्यांची १४ तत्त्वे पाठ करावी लागतात, ते हेच.

फेयॉल काय म्हणतात?
आदेश वरून खाली पायरीपायरीने जावा. मात्र घाई असेल तर दोन विभागांतील समान पातळीच्या माणसांनी थेट बोलावे. अट एकच, दोघांच्या वरिष्ठांना त्याची माहिती हवी. या थेट वाटेला त्यांनी ‘पूल’ म्हटले.

सिंधुदुर्गात काय होते?
हवामान विभागाचा इशारा जिल्हा प्रशासन, मत्स्य विभाग, मच्छीमार सोसायटी, होडीमालक असा उतरत तांडेलापर्यंत येतो. कार्यालयात अर्धा तास इकडेतिकडे झाला तर बिघडत नाही. समुद्रात तेवढ्यात होडी बंदराकडे वळलेली असते, किंवा नसते. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ आले, तेव्हा मासेमारीचा हंगाम सुरू होता. ११ नोव्हेंबरला ते अलिबाग-मुंबईदरम्यान धडकले. कोकणातले काही मच्छीमार परतलेच नाहीत.

आता पूल आहे का?
आहे, व्हॉट्सअॅपवर. देवगडला वारा फिरला की निवतीत फोन वाजू शकतो, मध्ये एकही साहेब नाही. पण फेयॉल यांची अट इथेच सुटते. वरिष्ठांना पत्ता नसलेल्या ग्रुपवर मागच्या वादळाचा ऑडिओही तितक्याच वेगाने फिरतो. म्हणून बावटा जुनाट वाटला तरी त्याची गरज संपलेली नाही. तो कोणी लावला, हे सगळ्यांना ठाऊक असते.

शिवाय मोबाइलची रेंज किनाऱ्यापासून साधारण १०-१२ किलोमीटरपर्यंतच. त्यापुढच्या होड्यांसाठी हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेचे ‘जेमिनी’ उपकरण २०१९ मध्ये आले. ‘गगन’ उपग्रह यंत्रणेवरून आलेला इशारा ते तांडेलाच्या फोनवर दाखवते. मधल्या सगळ्या पायऱ्या गळतात. मात्र ही वाट एकेरी आहे. इंजिन बंद पडले, खलाशी पाण्यात पडला, हे त्यावरून किनाऱ्याला कळवता येत नाही. त्यासाठी होडीवर व्हीएचएफ लागतो आणि १६ नंबरच्या चॅनेलवर ऐकणारे कोणीतरी.