मदतनीस विंगेत नको, रंगमंचावर हवा

‘बिग रिव्हर’ ही हक फिनच्या गोष्टीवरची संगीतिका. लॉस एंजेलिसच्या डेफ वेस्ट थिएटरने बसवलेला तिचा प्रयोग 2003 साली ब्रॉडवेवर आला, तेव्हा हकचं काम करणारा नट कर्णबधिर होता. तो खुणांच्या भाषेत बोलायचा. त्याचा आवाज व्हायचा डॅनियल जेंकिन्स, तोही या गोष्टीचा लेखक मार्क ट्वेन याच्या वेशात, रंगमंचावरच. गंमत म्हणजे 1985 च्या मूळ प्रयोगात हक रंगवला होता तो याच जेंकिन्सने. या प्रयोगात एके ठिकाणी समूहगान ऐन रंगात असताना सगळे गळे एकदम थांबायचे आणि हात मात्र चालूच राहायचे. ऐकू येणाऱ्या प्रेक्षकालाही ते गाणं मग डोळ्यांनीच घ्यावं लागे.

विशेष मुलांच्या कलाशिक्षणाचा विषय निघाला की आपल्याकडे ‘आत्मविश्वास वाढतो’, ‘थेरपी म्हणून उत्तम’ अशी वाक्यं येतात. ती खोटी नाहीत. पण मुलात काय बदल व्हावा, एवढंच ती सांगतात. नाटकाने स्वतःत काय बदल करावा, हे कुणी फारसं विचारत नाही.

डेफ वेस्टने ते विचारलं. 2015 मध्ये त्यांनी ‘स्प्रिंग अवेकनिंग’ ब्रॉडवेवर नेलं. मोठी माणसं मुलांना काही सांगत नाहीत आणि त्यांचं ऐकतही नाहीत, अशी ही एकोणिसाव्या शतकातल्या जर्मनीतली गोष्ट. दिग्दर्शक मायकेल आर्डनने तिला इतिहासाचा एक धागा जोडला. सप्टेंबर 1880 मध्ये मिलान इथे कर्णबधिरांच्या शिक्षणावर परिषद भरली. खुणांपेक्षा तोंडी बोलणंच श्रेष्ठ, असा ठराव तिथे झाला आणि कितीतरी शाळांतून हातांची भाषा हद्दपार झाली. (आपलं ‘संगीत शाकुंतल’ पुण्यात रंगमंचावर आलं ते त्याच्या पुढच्याच महिन्यात. एकीकडे गाणारं नाटक जन्माला येत होतं, दुसरीकडे हातांना गप्प केलं जात होतं.) मिलानचा हा संदर्भ आला आणि नटांचं कर्णबधिर असणं कथानकाच्या गाभ्याशी जाऊन बसलं.

सूर लागल्याचं ऐकू न येणाऱ्या नटाला कळायचं कसं? सहनटाचा हलका स्पर्श, मान हलवणं, दिव्यांतला बदल, असे इशारे हालचालींतच विणले होते. प्रेक्षकाला वाटे, ही पात्रांमधली जवळीक आहे. नटासाठी ती सम असे.

याच प्रयोगातून अ‍ॅली स्ट्रोकर ही व्हीलचेअर वापरणारी अभिनेत्री ब्रॉडवेवर आली. 2019 मध्ये ‘ओक्लाहोमा!’साठी तिला टोनी पुरस्कार मिळाला. पण सोहळ्याच्या सभागृहात प्रेक्षकांमधून रंगमंचावर जायला रॅम्प नव्हता, म्हणून तिला रंगमंचामागेच थांबावं लागलं. नाटक बदललं होतं, इमारत नव्हती.

हे झालं व्यावसायिक नटांचं. शाळकरी मुलांसाठी मला पेंग्विन प्रोजेक्टची पद्धत अधिक उपयोगाची वाटते. मुलांच्या विकासातल्या अडचणींवर काम करणारे डॉक्टर अँड्र्यू मॉर्गन यांनी अमेरिकेत, इलिनॉयमधल्या पियोरिया शहरात 2004 मध्ये ती सुरू केली. ब्रॉडवेच्या संगीतिकांची मुलांसाठी तासाभरात बसवलेली, सोप्या पट्टीतली रूपं तिकडे तयार मिळतात. तसं एखादं नाटक घ्यायचं आणि नायकापासून शेवटच्या पात्रापर्यंत सगळ्या भूमिका विशेष मुलांनी करायच्या. प्रत्येकाच्या जोडीला त्याच्याच वयाचा, अपंगत्व नसलेला एक मुलगा किंवा मुलगी. ही जोडी साधारण चार महिने एकत्र तालीम करते आणि प्रयोगातही जोडीदार शेजारीच उभा असतो. वाक्य विसरलं तर तो कुजबुजतो, जागा चुकली तर हात धरतो, गरज नसेल तर नुसता समूहात मिसळून नाचतो. शाहिरामागच्या झीलकऱ्यासारखा. तो कमी दिसला म्हणून पोवाडा त्याच्यावाचून उभा राहतो थोडाच!

आपल्या विशेष शाळांच्या गॅदरिंगमध्ये याच्या उलट चित्र दिसतं. बाई पहिल्या रांगेपुढे उकिडव्या बसून हातवारे करतात, मुलं बाईंकडे बघत तसंच करतात आणि प्रेक्षक बाईंच्या पाठीवरून नाच पाहतात. बाईंच्या कष्टांना तोड नाही. पण मुलांची नजर प्रेक्षकांकडे जातच नाही, आणि शेजारच्या शाळेतली मुलं टाळ्या वाजवण्यापुरती बोलावलेली असतात. त्यातल्या काहींना एकेक वेषभूषा देऊन दोन-तीन महिने आधी तालमीला बोलावलं, तर खर्च फारसा वाढणार नाही. वेळापत्रकाची कटकट मात्र होईल, आणि दोन्ही शाळांच्या मुख्याध्यापकांना ती सोसावी लागेल.

याला कायद्याचा आधारही आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या 2016 च्या कायद्यातलं कलम 29 सांस्कृतिक जीवनाबद्दल आहे आणि कलाविषयांच्या अभ्यासक्रमांची फेररचना करून दिव्यांगांना त्यांत सहभागी करून घ्यावं, असं ते सांगतं. रॅम्प मोजता येतो, म्हणून तपासणीत त्याचीच चौकशी होते. फेररचना म्हणजे नाट्यप्रशिक्षणात भारतीय सांकेतिक भाषा शिकवणं, संहिता तासाभरात कशी बसवायची आणि इशारे हालचालींत कसे लपवायचे याचे पाठ विशेष शिक्षकांना देणं, आणि परीक्षकाने ‘मदतीशिवाय केलं का’ हा रकाना गुणपत्रिकेतून काढून टाकणं.