कापून टाकलेल्या मजकुराचं काम: यीस्टमधले इंट्रॉन

कार्यकारणभाव म्हटलं की आपण धूर आणि अग्नी यांच्याकडे वळतो. आज उदाहरण घेऊ ते पावाच्या पिठात घालतात त्या यीस्टचं.

जनुक म्हणजे, ढोबळमानाने, प्रथिन कसं बनवायचं याची डीएनएमध्ये लिहिलेली कृती. पेशी आधी तिची आरएनएमध्ये नक्कल उतरवते. हे झालं प्रतिलेखन. १९७७ मध्ये रिचर्ड रॉबर्ट्स आणि फिलिप शार्प यांच्या गटांनी दाखवून दिलं, की या नकलेतला मधला काही मजकूर कापून काढला जातो आणि उरलेले तुकडे जोडले जातात. कापला जाणारा मजकूर म्हणजे इंट्रॉन, आणि या कापाजोडीला म्हणतात स्प्लायसिंग. दोघांना १९९३ चं नोबेल मिळालं.

आता साहजिक प्रश्न असा, की कापूनच टाकायचं तर लिहायचं कशाला?

यीस्टमध्ये जनुकं सुमारे ६,०००. त्यांपैकी इंट्रॉन असलेली जेमतेम ३००, म्हणजे शंभरात पाच. पण गंमत बघा, पेशीतल्या संदेशवाहक आरएनएचा चतुर्थांशाहून अधिक भाग या मूठभर जनुकांतून येतो! मग इंट्रॉनमुळे प्रतिलेखन वाढतं, असं म्हणायचं का? थांबा, इतक्यात नाही. यातली बरीच जनुकं रायबोसोमची प्रथिनं बनवणारी आहेत. पेशीला ती भरपूर लागतात, त्यामुळे ती एरवीही जोरात चालत असतील. दोन गोष्टी सोबत दिसल्या, एवढ्यावर एकीला दुसरीचं कारण ठरवता येत नाही.

इथे आपल्या नैयायिकांची अन्वय-व्यतिरेकाची कसोटी उपयोगी पडते: ‘हे असेल तर ते असतं, हे नसेल तर ते नसतं.’ २०१२ मध्ये अमेरिकेतल्या वेन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी यीस्टवर जवळपास हेच करून पाहिलं. आयएनओ१ या जनुकात इंट्रॉन नसतो. त्यात तो घातला, तर प्रतिलेखन वाढलं. एएससी१ मध्ये मुळातच इंट्रॉन असतो. तो काढला, तर प्रतिलेखन घटलं. शिवाय, कापला जाऊ शकत नाही असा इंट्रॉन घालून हा परिणाम मिळत नाही. म्हणजे कापलं जाणं आवश्यक आहे.

पण ते पुरेसं आहे का? इंट्रॉन असताना ही जनुकं वाकून त्यांचं आरंभाचं आणि शेवटचं टोक जवळ येतं, एक वेटोळं तयार होतं, असं आढळलं. मग संशोधकांनी अशी यीस्ट घेतली, जिच्यात एका प्रथिनातल्या बदलामुळे वेटोळं होतच नाही. तिथे स्प्लायसिंग सुरळीत चाललं, पण प्रतिलेखनातली वाढ मात्र पार नाहीशी झाली. तेव्हा स्प्लायसिंग आवश्यक, पण एकटं पुरेसं नाही, वेटोळंही लागतं. वेटोळ्यामुळे नक्कल संपवलेलं यंत्र लगेच पुन्हा आरंभाशी पोचत असावं, असा एक तर्क आहे.

ही कसोटी दोन जनुकांवर लागली आहे, सगळ्या ३०० वर नाही. म्हणून ‘इंट्रॉन प्रतिलेखन वाढवू शकतात’ इतकंच आपण म्हणू. मात्र, प्रथिनात ज्याचं एक अक्षरही उतरत नाही ते निरुपयोगी, हे अनुमान आता टिकत नाही, बरं का. त्यात हेतू सदोष आहे. आपण शेवटच्या वस्तूत काय उरलं ते पाहत होतो, ती बनताना काय घडलं ते पाहतच नव्हतो.