गाडीचा पिकअप अचानक गेला? आधी इंटरकूलरचा पाईप बघा. घरीच सिलिकॉन पाईप बसवणार असाल तर हे वाचा

नांदेडहून लातूरला निघालात. लोहा मागे पडलं. पुढे पोत्यांनी भरलेला ट्रक रेंगाळतोय. ओव्हरटेकसाठी तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता, पण गाडी ओढतच नाही. बॉनेटखालून 'फुस्स' असा आवाज येतो, आरशात काळा धूर दिसतो आणि समोरून एसटी येताना दिसते. ओव्हरटेक अर्ध्यात सोडून गाडी पुन्हा ट्रकच्या मागे घ्यावी लागते.

डिझेल गाडीत असं झालं की पहिली शंका येते ती टर्बोवर, आणि टर्बो म्हटलं की मोठा खर्च. पण अनेकदा टर्बो ठणठणीत असतो. फाटलेला असतो तो इंटरकूलरचा रबरी पाईप. तो घरी बदलता येतो का? रबराऐवजी सिलिकॉनचा बसवावा का? समजून घेऊया.

हा पाईप नेमकं काय करतो?

एक्झॉस्टच्या जोरावर टर्बो फिरतो आणि इंजिनात जादा हवा ढकलतो. हवा दाबली की तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो, तसंच. टर्बोतून निघणारी हवा जोर लावल्यावर सव्वाशे-दीडशे अंशांपर्यंत तापू शकते. गरम हवा विरळ असते, म्हणजे तिच्यात ऑक्सिजन कमी. म्हणून ती आधी इंटरकूलरमध्ये जाते. रेडिएटरसारख्या दिसणाऱ्या या जाळीत ती थंड होते आणि मग इंजिनात शिरते.

टर्बो ते इंटरकूलर हा गरम बाजूचा पाईप, तर इंटरकूलर ते इंजिन हा थंड बाजूचा. आत साधारण १ ते दीड बार दाब असतो, म्हणजे कारच्या टायरमधल्या दाबाच्या निम्मा किंवा थोडा जास्त. पाईपला चीर गेली की मोजून घेतलेली हवा वाटेतच निसटते. डिझेल मात्र आधीच्या हिशेबानं पडत राहतं. ते पूर्ण जळत नाही, म्हणून काळा धूर येतो, ॲव्हरेज घसरतं आणि पिकअप जातो. काही गाड्यांत चेक इंजिनचा दिवा लागतो आणि गाडी वेगच घेत नाही.

पाईप फाटतो कशामुळे?

उष्णता, तेलाची वाफ आणि इंजिनची थरथर ही तीन कारणं. इंजिनमधली तेलकट वाफ पुन्हा हवेच्या मार्गात सोडलेली असते. त्या तेलानं रबर हळूहळू फुगतं आणि मऊ पडतं. त्यात मराठवाड्याचा उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये बाहेरच चाळिशीपार पारा असतो, मग बॉनेटखाली काय होत असेल!

सायकलची ट्यूब गुंडाळून वर तार आवळली की गाडी घरापर्यंत येते. पण तो इलाज घरापर्यंतचाच. तसंच पळवत राहिलात तर कमी पडलेला दाब भरून काढायला टर्बोला जास्त फिरावं लागतं आणि काजळी आत साचत जाते. बीएस-६ गाडीत तीच काजळी डीपीएफ फिल्टरमध्ये अडकते. तो खर्च पाईपच्या कितीतरी पट आहे.

सिलिकॉन घ्यायचा, पण कोणता?

सिलिकॉन उष्णतेला दाद देत नाही. चांगला पाईप १८० अंशांच्या आसपासही कडक होत नाही, तडकत नाही. पण साध्या सिलिकॉनला तेल सोसत नाही. ते आत झिरपतं आणि काही महिन्यांत पाईप बाहेरून घामेजल्यासारखा तेलकट दिसू लागतो. म्हणून आतून फ्लोरोसिलिकॉनचं अस्तर असलेलाच पाईप मागा. कूलंटसाठीचा सिलिकॉन पाईप इथे चालत नाही.

माप रंगावरून किंवा अंदाजानं घेऊ नका. पाईप ज्या नळीवर चढतो, तिचा बाहेरचा व्यास व्हर्नियरनं मोजा. दोन्ही टोकांचे व्यास वेगळे असू शकतात. जुना पाईप सोबत नेला तर सगळ्यात बरं. अनेक नव्या गाड्यांत टोकाला क्लिपचं लॉक आणि ओ-रिंग असते. तिथे सरळ पाईप बसत नाही, त्या मॉडेलसाठी बनवलेलाच घ्यावा लागतो.

घरी बदलायचा कसा?

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. रात्री उभी केलेली गाडी सकाळी उघडणं उत्तम.

२. काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. पाईप कुठून वळतो, क्लिपचं तोंड कुठे आहे, हे नंतर आठवत नाही.

३. पाईपवर सेन्सर असेल तर त्याचा प्लग हलक्या हातानं काढा. जुना पाईप निघत नसेल तर कापा, पण खालच्या नळीवर चरा पडू देऊ नका.

४. उघडी तोंडं स्वच्छ कापडानं झाका. आत पडलेला रबराचा तुकडा किंवा स्क्रू थेट इंजिनात जाऊ शकतो. जोडण्याआधी कापड काढल्याची खात्री करा.

५. नळीवरचं तेल पुसून ती कोरडी करा. पाईप चढवताना ग्रीस किंवा ऑइल लावू नका, दाब आला की तो निसटतो. थोडं साबणाचं पाणी पुरेसं आहे.

६. खाचांची साधी क्लिप सिलिकॉन कापते. आतून गुळगुळीत असलेली क्लिप किंवा टी-बोल्ट क्लॅम्प वापरा. क्लॅम्प नळीच्या उंचवट्याच्या आतल्या बाजूला बसला पाहिजे. पाईप चेपेल इतका आवळू नका.

७. नवा पाईप पंख्याला, बेल्टला किंवा धारदार पत्र्याला घासत नाही ना, ते पाहा. शंभरेक किलोमीटरनंतर क्लॅम्प पुन्हा तपासा, कारण सिलिकॉन थोडं दबून बसतं.

कधी थांबायचं?

पाईपच्या आत तेलाचा पातळ थर असणं सामान्य आहे. पण पाईप काढताच तेल ओघळलं तर नवा पाईप बसवून गाडी पळवू नका. टर्बोचं सील गेलेलं असू शकतं. अशा वेळी डिझेल इंजिन स्वतःचंच ऑइल जाळत सुटतं आणि चावी बंद केली तरी थांबत नाही. इथे मेकॅनिकच हवा.

खालचा पाईप गाडीखालून काढावा लागत असेल, तर नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरू नका. जॅक स्टँड नसेल तर ते काम गॅरेजवर सोडा.

पॉवर वाढते का?

नाही. फाटलेला पाईप बदलल्यावर गाडी 'उडते' असं वाटतं, कारण गेलेली ताकद परत आलेली असते. कंपनीचा पाईप शाबूत असेल तर सिलिकॉन लावून वेगळा फरक जाणवणार नाही. टर्बोचा दाब वाढवण्यासाठी इंजिनच्या प्रोग्रॅममध्ये बदल करणं ही वेगळी गोष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये वाहनातील बदलांवर बंधनं आहेत, आणि असा बदल इंजिनलाही झेपेलच असं नाही.

गाडी वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा, उत्तर लेखी घ्या. तोवर कंपनीचाच पाईप बरा.

आणि पाईप फाटण्याची वाट कशाला बघायची? दवाखान्यासाठी, क्लाससाठी किंवा लग्नासाठी लांबचा पल्ला गाठायचा असेल, तर आदल्या दिवशी थंड इंजिनवर पाईप हातानं दाबून बघा. खालची बाजू आणि क्लिपजवळची जागा विशेष पाहा. चिकट, फुगलेला किंवा तडकलेला वाटला तर बदलूनच निघा. पाच मिनिटांचं काम आहे, पण ओव्हरटेकच्या वेळी गाडी ओढेल की नाही, हे त्यावर ठरतं.